टन टॅव्हर्न

फिलाडेल्फियाच्या धक्क्याजवळची वसाहतकालीन मद्यशाळा; १७८१ मध्ये पाडली. अमेरिकेच्या मरीन कोअरचे जन्मस्थान म्हणून ती मिरवते, पण दोन पलटणी उभारण्याचा ठराव १० नोव्हेंबर १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने केला, आणि तो गुत्त्यात नव्हे. मरीन कोअरचे पहिले अधिकारी कप्तान सॅम्युएल निकोलस यांची नेमणूक २८ नोव्हेंबरची. गुत्तेवाले रॉबर्ट मलन यांनी तिथे भरती केली, याला आधार मुख्यतः परंपरेचाच. शिवाय त्यांची कप्तानकी १७७६ ची. काही इतिहासकार भरतीची जागा म्हणून निकोलस कुटुंबाच्या ‘कॉनेस्टोगा वॅगन’ गुत्त्याकडे बोट दाखवतात. मग सगळी दंतकथाच म्हणायची? तसे नाही. डिसेंबर १७७५ मध्ये मरीन भरतीच्या एका ढोलावर खुळखुळ्या साप रंगवल्याची समकालीन नोंद आहे. ढोल वाजवून माणसे जमवायची, तर खलाशांचा राबता असलेला गुत्ता सोयीचाच. भरती तिथे झालीही असेल. स्थापना मात्र ठरावानेच झाली.