शयनगृहाची खिडकी : उघडी की बंद?



हल्ली पुष्कळ घरांतून निजण्याच्या खोलीत रात्रभर हवा शुद्ध करणारे यंत्र चालू ठेवण्याची चाल पडली आहे. खिडक्या-दारे लावून घ्यावयाची, यंत्राचे बटण दाबावयाचे आणि त्याच्या मंद घरघरीत झोपी जावयाचे. झोप शांत लागते, सकाळी नाक चोंदलेले नसते, असे ते वापरणारे सांगतात. यंत्र नवे आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर ते देऊ पाहते तो प्रश्न फार जुना आहे. रात्री आपण जी हवा घेतो तीत भय कशाचे, बाहेरच्या हवेचे की आतल्या? गेल्या अडीचशे वर्षांत या एका प्रश्नाने शयनगृहाची खिडकी प्रथम बंद ठेविली, मग उघडविली आणि आता पुन्हा बंद करविली आहे. त्या खिडकीचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

१७७६ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन दोनच महिने लोटले होते. बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स हे दोन पुढारी इंग्रज नौसेनापती लॉर्ड हाउ याच्या भेटीसाठी निघाले असता न्यू ब्रन्स्विक गावच्या खाणावळीत मुक्कामास राहिले. गर्दीमुळे दोघांना मिळून एक लहानशी खोली, एक पलंग व एक चिमुकली खिडकी एवढेच मिळाले. अ‍ॅडम्सची प्रकृती नाजूक. रात्रीची हवा बाधेल या भीतीने त्याने खिडकी लावून घेतली. फ्रँकलिनने तात्काळ हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, सर्दी थंड हवेने होत नाही. कोंडलेल्या खोलीत माणसांनी पुनःपुन्हा सोडलेली हवा घेतल्याने होते. ही उपपत्ती ऐकण्याच्या कुतूहलाने अ‍ॅडम्सने खिडकी उघडली व तो अंथरुणात शिरला. हवा, सर्दी व श्वासोच्छ्वास या विषयांवर फ्रँकलिनचे व्याख्यान सुरू झाले, आणि ते ऐकता ऐकता अ‍ॅडम्सला झोप लागली! हा प्रसंग अ‍ॅडम्सने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेविला आहे.

अ‍ॅडम्सच्या भीतीला आपण हसू नये. ‘रात्री बाहेर निजू नकोस, वारे बाधेल’, ‘दव पडते आहे, कानाला फडके बांध’ ही वाक्ये आपल्या घरांतूनही पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली गेली आहेत. दलदलीतून, कुजक्या पाल्यातून विषारी वाफा उठतात, त्या रात्री जमिनीलगत पसरतात आणि ताप आणतात, अशी युरोपातील वैद्यांची शतकानुशतके समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. गोमंतकातील जुने गोवे हे एके काळचे वैभवशाली नगर साथीच्या रोगांनी ओस पडत गेले व अखेर १८४३ साली राजधानीचा मान पणजीकडे आला. अशा शहरांच्या नाशाचा दोष त्या काळी बव्हंशी हवेच्याच माथी मारला जाई.

त्या समजुतीचा निकाल लागला तो हैदराबादच्या परिसरात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला एका डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. हा डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला होता. डास चावू देण्याबद्दल रॉस त्याला दर डासामागे एक आणा देत असे. या कार्यासाठी पुढे १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. ताप आणणारी वस्तू रात्रीची हवा नव्हे, रात्री हिंडणारा डास होय, हे तेव्हा उघड झाले. खिडकी लावून घेणारे आपले पूर्वज अगदीच चुकत नव्हते. त्यांचा उपाय काही अंशी बरोबर होता, कारण मात्र चुकीचे होते.

दरम्यान युरोपात वारे उलट वाहू लागले होते. म्यूनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर याने १८५८ साली राहत्या घरांतील हवेविषयी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड वायू मोजून खोलीतील हवा किती शिळी झाली हे ठरविता येते, असे त्याने दाखविले. दर हजार भाग हवेत या वायूचा एक भाग, ही त्याने घालून दिलेली मर्यादा आजही तज्ज्ञांच्या बोलण्यात येते. तो वायू एवढ्या प्रमाणात विषारी नव्हे, तो केवळ कोंडलेपणाचे माप आहे, हेही त्याने स्पष्ट केले होते. आणखी एक मार्मिक गोष्ट त्याने सांगितली. तिचा आशय असा की, खोलीत शेणखताचा ढीग पडला असेल तर वारा खेळता ठेवून दुर्गंधी घालविण्याची खटपट करू नये. आधी ढीग उचलावा. हे सूत्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८५९ च्या अखेरीस फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे शुश्रूषेवरील पुस्तक निघाले. रोग्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकीच स्वच्छ ठेवावी, मात्र त्याला गारठू देऊ नये, हा तिने शुश्रूषेचा पहिला नियम मानला. रात्रीच्या हवेला भिणाऱ्यांना तिने विचारले की, रात्री रात्रीचीच हवा घ्यावयाची नाही तर दुसरी आणावयाची कोठून? निवड एवढीच, बाहेरची स्वच्छ की आतली कुबट. मोठ्या शहरांत तर रात्रीचीच हवा बहुधा अधिक शुद्ध असते, असेही तिचे मत होते.

हा विचार हिंदुस्थानातही आला. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला तेव्हा अंधाऱ्या चाळींत उजेड व हवा यावी म्हणून अधिकाऱ्यांनी छपरांची कौले काढविली, भिंतींना भोके पाडविली. १८९८ साली ‘बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला आणि गजबजलेल्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्यापायी अनेक गरिबांची घरे गेली आणि तितकी नवी बांधली गेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. शिवाय प्लेग हवेने नव्हे तर उंदरांवरील पिसवांनी पसरतो, हे त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ याने कराचीतील प्रयोगाने दाखविले. येथेही कारण चुकले. परंतु हवा ही एकट्यादुकट्याच्या खोलीची नव्हे, साऱ्या नगराची बाब आहे, ही जाणीव मात्र त्या काळाने दिली.

उघड्या खिडकीचा सर्वांत मोठा विजय म्हणजे क्षयरोग्यांची आरोग्यधामे. जर्मनीत व अमेरिकेत रोगी व्हरांड्यात खाटा टाकून थंडीतही उघड्यावर निजत. आपल्याकडे पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली काढलेल्या आरोग्यधामाचे नावच मुळी ‘बेल-एअर’, म्हणजे सुंदर हवा. पुढे औषधे आली. मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत असे दिसले की, गर्दीच्या घरांत राहून नियमित औषधे घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे होतात. आरोग्यधामांचे दिवस भरत आले आणि उघड्यावर निजण्याचा वैद्यकीय आधार ढिला पडला. आपल्याकडे ती सवय आणखी काही काळ टिकली ती औषध म्हणून नव्हे, सुख म्हणून. माळव्यातील रात्रीची तर उत्तरेत ‘शब-ए-मालवा’ म्हणून ख्याती. इंदूर-ग्वाल्हेरकडे उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे घातली जात, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

आता आपण यंत्राच्या वंशावळीकडे वळू. बंद खोलीत फटीतून कवडसा आला की त्यात नाचणारे कण दिसतात. ते पाहून मुलांना मौज वाटते. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने त्या कवडशाचेच शास्त्र केले. १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने धूळ व रोग या विषयावर व्याख्यान दिले. तीव्र प्रकाशझोतात साधी दिसणारी हवा धुळीने कशी भरलेली असते, आणि तीच हवा कापसाच्या बोळ्यातून गाळली म्हणजे कशी निर्मळ होते, हे त्याने श्रोत्यांना दाखविले. धुरात शिरणाऱ्या अग्निशामकांसाठी कापूस, ग्लिसरीन व कोळसा यांचा मुखवटाही त्याने तयार केला. हवा गाळता येते ही गोष्ट अशी सिद्ध झाली.

तिला आजचे रूप दिले ते युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात विषारी धुरापासून सैनिकांचे रक्षण करण्यासाठी अमेरिकेत विशेष प्रकारचा गाळणीचा कागद तयार करण्यात आला. अणुबाँबच्या कारखान्यांत किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठीही त्याचा उपयोग झाला. अर्व्हिंग लँगम्युअर याने त्याच सुमारास गणिताने दाखविले की, अशी गाळणी चाळणीसारखी वागत नाही. मोठे कण वेगाच्या भरात तंतूंवर आदळून अडकतात, अतिसूक्ष्म कण सैरावैरा हलत तंतूंना चिकटतात. निसटतात ते मधले, सुमारे ०·३ मायक्रॉन आकाराचे. म्हणूनच ‘हेपा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाळणीची परीक्षा या आकारावर होते आणि शंभरांपैकी ९९·९७ कण तिने अडवावेत असा दंडक आहे. गंमत अशी की, आरंभीच्या या कागदात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत, जे स्वतःच फुप्फुसांना घातक! पुढे त्यांची जागा काचतंतूंनी घेतली. १९६३ साली जर्मनीत हामेस बंधूंनी कोळशाच्या शेगडीची काजळी अडविण्यासाठी घरगुती गाळणी काढली आणि कारखान्यातील वस्तू बैठकीच्या खोलीत आली.

शयनगृहाची खिडकी पुन्हा का लागली, याची दोन कारणे. एक म्हणजे थंड हवेचे यंत्र. भिंतीवरची सामान्य यंत्रे बाहेरची ताजी हवा आत आणीत नाहीत. आतलीच फिरवून गार करतात. दुसरे कारण बाहेरचा धूर. नाइटिंगेलला शुद्ध वाटणारी रात्रीची हवा आज आपल्या शहरांत हिवाळ्यात उलट अधिक मलिन असते. जमीन लवकर निवते, थंड हवेचा थर खाली बसतो, वर उबदार थराचे झाकण पडते, आणि वाहनांचा, शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर त्याखाली कोंडतो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात अडीच मायक्रॉनहून बारीक कणांच्या बाबतीत ग्वाल्हेरचा क्रमांक जगात दुसरा होता. वार्षिक सरासरी दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा आहे ५, आणि आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली आहे ४०.

तेव्हा यंत्र घेणाऱ्याला कोणी वेडा म्हणू नये. खोलीच्या मानाने पुरेशा ताकदीचे यंत्र बारीक कण खरोखरच पुष्कळ कमी करते. दमेकऱ्याला किंवा धुळीने शिंका येणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. झोपेविषयी मात्र पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत सुमारे ३० निरोगी माणसांना कधी खऱ्या तर कधी निरुपयोगी गाळणीचे यंत्र देऊन पाहिले. खऱ्या गाळणीच्या वेळी झोप सरासरी १२ मिनिटांनी वाढली. दुसरीकडे, २०१६ साली डेन्मार्कमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात खोलीत बाहेरची हवा खेळती ठेवली तेव्हा झोप सुधारली व दुसऱ्या दिवशी विचारशक्तीही अधिक तल्लख दिसली. म्हणजे पेटेनकोफर खोटा ठरलेला नाही. आपले यंत्र धूळ गाळते, पण कार्बन डायॉक्साइड काढीत नाही आणि प्राणवायू निर्माण करीत नाही. दोन-तीन माणसे निजलेल्या घट्ट बंद खोलीत ते रात्रभर चालले, तरी पहाटेची हवा निर्धूळ, पण शिळी असू शकते.

आणि आता तो शेणखताचा ढीग. रॉसने डास दाखविला. त्या डासाला पळविण्यासाठी आपण खोलीत कॉइल जाळतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात. एका कोपऱ्यात कॉइल आणि दुसऱ्यात शुद्धीकरण यंत्र, हे दृश्य पाहून त्या जर्मन पंडिताने कपाळाला हात लावला असता. मच्छरदाणी लावावी, उदबत्ती व धूर निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा, पांघरुणे उन्हात घालावीत. ढीग आधी उचलावा. मग यंत्र असेल तर ते खोलीच्या मापाचे पाहून घ्यावे, गाळणी वेळेवर बदलावी, ओझोन सोडणारे मुळीच घेऊ नये. बाहेरची हवा बरी असेल त्या वेळी, निदान दुपारी थोडा वेळ, खिडकी मोकळी ठेवावी.

शेवटी एक गोष्ट. यंत्र एका खोलीची हवा शुद्ध करते. त्याच रात्री इमारतीच्या दारात बसलेला पहारेकरी आणि समोरच्या झोपडीत निजलेले मूल बाहेरचीच हवा घेत असते. प्लेगच्या काळातील लोकांनी रोगाचे कारण चुकीचे जाणले, पण हवा सर्वांची म्हणून रस्ते रुंद केले. आपल्याला कारण अचूक ठाऊक आहे आणि उपाय मात्र आपण ज्याच्या त्याच्या शयनगृहापुरता योजीत आहोत. कचरा जाळणे थांबविणे, रस्त्यांची धूळ आवरणे, वाहनांचा धूर कमी करणे, ही नगराच्या ढिगाची उचल आहे. ती नगरपालिकांकडून करवून घेणे आपल्या हाती आहे. खिडकी लावण्याची पाळी का आली, हे विचारण्याचा हक्क यंत्र विकत घेतल्याने संपत नाही.