मोटारीचा ब्रेक आणि घरची दुरुस्ती

मोटारीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा इंजिनाचाच इतिहास सांगतात. गाडी चालूं कशी लागली हें सर्वांस ठाऊक असतें. ती थांबूं कशी लागली हें फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच जुना आहे, आणि त्याचें एक पहिलें उत्तर भर रस्त्यांत, एका गृहिणीनें शोधून काढलें.

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम येथून बेर्टाबाई बेंझ आपल्या दोन मुलांसह माहेरीं, फोर्त्सहाइमला, निघाल्या. त्यांचे पति कार्ल बेंझ यांनीं तयार केलेली तीनचाकी मोटार त्यांनीं पतीस न विचारतां बरोबर घेतली होती. वाट सुमारें शंभर किलोमीटरची, आणि मध्यें चढउतार पुष्कळ. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजूं लागले व गाडी आवरेना. तेव्हां बेर्टाबाईंनीं वाटेंतील एका खेड्यांत जोडे शिवणाऱ्या कारागिरास गांठून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची प्रथा येथून सुरू झाली असें मानतात. दोष कोठें आहे हें ओळखणें व जवळ मिळेल त्या साधनानें तो दूर करणें, ह्या दोन्ही गोष्टी त्या बाईंनीं केल्या. आणि माझ्या मतें ब्रेकच्या इतिहासांत त्यांचें स्थान मोठमोठ्या पेटंटवाल्यांच्या आधीं आहे.

ब्रेक कमी पडला तर धोका, हें उघडच आहे. पण तो कठोर लागला तरी धोकाच. २५ फेब्रुवारी १८९९ रोजीं लंडनजवळील हॅरो येथें एक मोटार टेकडी उतरत असतां चालकानें ब्रेक जोरानें लावला. तो ताण मागील चाकास सोसला नाहीं, चाक मोडलें आणि बसलेली माणसें बाहेर फेंकलीं गेलीं. चालक एडविन सेवेल जागींच गतप्राण झाले, आणि मेजर रिचर हे कांहीं दिवसांनीं वारले. इंग्लंडांत पेट्रोलच्या मोटारीचा चालक अपघातांत दगावल्याची ही पहिली घटना समजतात.

पुढें सुधारणा भराभर झाल्या. डार्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ पासून ब्रेकच्या अस्तरांवर प्रयोग चालविले. (त्यांच्या आडनांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून व त्यांत एक जादा घालूनच ‘फेरोडो’ हें नांव बनलें आहे.) १९०२ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं ड्रम ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याच सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं चकतीच्या ब्रेकचें घेतलें. परंतु त्यांत तांबें वापरलेलें असल्यामुळें तो कर्कश किंचाळत असे. चकतीचें भाग्य उजाडण्यास १९५३ ची ल माँची शर्यत यावी लागली.

घरच्या दुरुस्तीचें खरें युग म्हणजे फोर्डच्या ‘टी’ गाडीचें. १९०८ ते १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. तिचा पायानें लावावयाचा ब्रेक चाकांत नसून गिअरच्या पेटींत, तेलांत बुडालेल्या सुती अस्तराच्या पट्ट्याच्या रूपानें असे. पट्टा सैल झाला कीं पेडल खोल जाई. मग मालक पायाखालच्या फळ्या उचली, पेटीचें झांकण काढी व नट आवळी. नट हातांतून निसटून आंत पडूं नये म्हणून शहाणा माणूस खालीं फडकें कोंबून ठेवी. ब्रेक अगदींच दगा देऊं लागल्यास गाडी मागें नेण्याचें पेडल दाबूनही ती थांबवितां येत असे!

तेलाच्या दाबानें चालणाऱ्या ब्रेकनें हा सगळा प्रकार पालटला. माल्कम लॉकहीड यांनीं तशा ब्रेकचें पेटंट १९१७ सालीं मिळविलें. १९२१ मध्यें ड्यूसेनबर्गनें व १९२४ मध्यें क्रायस्लरनें ते चारही चाकांस बसविले. फोर्डनें मात्र १९३९ च्या गाड्यांपर्यंत धीर धरला. तत्त्व पास्कलचें आहे. शाळेंत आम्ही पाणी भरलेल्या दोन पिचकाऱ्या नळीनें जोडून तें मुलांस दाखवीत असूं: एकीचा दट्ट्या दाबला कीं दुसरीचा सरकतो. परंतु नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर हवाच दबते, आणि पलीकडचा दट्ट्या आळशासारखा बसून राहतो.

जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीची परीक्षा एवढ्या ज्ञानावर घरीं करतां येते. पेडल स्पंजासारखें मऊ लागत असेल तर नळींत हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असतां तें हळूहळू खालीं बसत असेल तर मास्टर सिलिंडरचा वॉशर गेला आहे, किंवा कोठें तरी गळती आहे. गाडी एका अंगास ओढत असेल तर बहुधा दुसऱ्या अंगाच्या अस्तरास तेल लागलें आहे. लोखंडावर लोखंड घांसल्याचा आवाज आला तर अस्तर संपलें. मग एक दिवसही थांबूं नये.

हवा काढण्यास दोन माणसें लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचें चाक प्रथम घ्यावें; चालक उजवीकडे बसणाऱ्या आपल्या गाड्यांत तें बहुधा मागचें डावें असतें. निपलला रबरी नळी लावून तिचें दुसरें टोंक ब्रेक ऑइलच्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल सोडून बुडबुडे जाऊं द्यावे, आणि पाय उचलण्यापूर्वीं निपल बंद करावें. वरच्या भांड्यांतील तेल आटूं देऊं नये. तेथें इंजिनाचें तेल तर चुकूनही ओतूं नये. त्यानें आंतील रबर फुगतें आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें ठराविक मुदतीनें बदलावें. ओलसर तेल खंडाळ्याच्या घाटासारख्या लांब उतारावर तापून उकळलें कीं त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दबते. घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा, ही ड्रायव्हरांची जुनी शिकवण ह्याच कारणानें आहे.

नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. खालीं भक्कम घोडी द्यावी. दुसरें भय डोळ्यांस दिसत नाहीं. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस घालीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास वर्षानुवर्षांनीं प्राणघातक रोग होतात. इंग्लंडनें १९९९ सालीं तशा अस्तरांस बंदी केली. पण जुन्या गाडीच्या ड्रममध्यें तीं अजून असूं शकतात. पुष्कळ मिस्त्री ड्रम उघडला कीं आंतली धूळ तोंडानें फुंकून टाकीत, आणि शेजारीं पाना धरून उभा असलेला मुलगा ती श्वासाबरोबर घेई. ड्रम उघडावयाचा तो मुलांना दूर पाठवून, नाकातोंडावर धुळीसाठीं केलेला मुखवटा बांधून. आणि धूळ ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें बंद पिशवींत घालून टाकून द्यावें.