गणना, पण आणि ऋण : वऱ्हाडच्या संदर्भात तीन पत्ती व पोकरच्या नियमांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पत्त्यांचा कोणताही खेळ शिकवताना शिकवणारा प्रथम पानांचा क्रम सांगतो. कोणते पान मोठे आणि कोणती जुळणी कोणत्या जुळणीवर मात करते, एवढे उमगले की खेळ आला, अशी नवशिक्याची समजूत होते. पोळा, गोकुळाष्टमी आणि दिवाळी या सणांच्या दिवसांत वरूड-मोर्शीच्या परिसरात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, रंगणारी तीन पत्ती असो वा अमेरिकेतून जगभर पसरलेला पोकर असो, दोन्ही खेळांचे प्राथमिक शिक्षण बहुधा याच पायरीवर थांबते. वास्तविक या खेळांचे मर्म पानांच्या क्रमात नसून पैसे लावण्याच्या आणि हरलेले पैसे चुकते करण्याच्या नियमांत आहे.

प्रस्तुत निबंधाची मांडणी अशी की, आपल्या परंपरेत द्यूताचा विचार गणना, पण आणि ऋण या तीन अंगांनी झालेला होता. १८६७ नंतरच्या कायद्याने तो ‘कौशल्य की नशीब’ या एका प्रश्नापुरता मर्यादित केला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा पैशाच्या प्रश्नाकडे वळला. या प्रवासाचे दोन महत्त्वाचे दुवे अमरावती जिल्ह्याच्या भूमीशी जोडलेले आहेत, म्हणून हा विचार वऱ्हाडच्या संदर्भात करणे उचित ठरते.

शास्त्रकारांची भूमिका

द्यूताविषयी प्राचीन शास्त्रकारांत एकमत नव्हते. मनूने द्यूत व समाह्वय, म्हणजे निर्जीव साधनांनी व सजीव प्राण्यांच्या झुंजींनी खेळला जाणारा जुगार, राज्यातून हद्दपार करावा असे सांगितले. याउलट कौटिल्याने द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली एकाच ठिकाणी खेळ चालावा, फासे त्यानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच भाग घ्यावा, अशी व्यवस्था लावली. याज्ञवल्क्य स्मृतीतील ‘सभिक’ हा द्यूतसभेचा चालक. त्याने आपला हिस्सा घ्यावा, राजाचा भाग द्यावा आणि हरलेल्याकडून वसूल केलेले धन जिंकणाऱ्याच्या हाती पोहोचवावे, असे तेथे अभिप्रेत आहे. आजच्या अड्ड्यावर चालक जी ‘नाल’ कापून घेतो ती या जुन्या हिश्शाचीच बेकायदेशीर वंशज म्हणता येईल. फरक एवढाच की, सभिकावर वसुलीची आणि सचोटीची जबाबदारी होती. आजच्या अड्डेवाल्यावर तशी कोणतीही जबाबदारी नाही.

विदर्भातील दोन आख्याने

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान विदर्भाशी निगडित आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. त्याची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे परंपरेने वर्धा नदीकाठचे आजचे कौंडिण्यपूर. नल पुष्कराशी द्यूत खेळून राज्य गमावतो. पुढे बाहुक नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे येणाऱ्या रथातून ऋतुपर्ण वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या दोन फांद्यांवरील फळांची संख्या २,०९५ असल्याचे सांगतो. बाहुक रथ थांबवून ती मोजतो आणि संख्या बरोबर निघते. त्यानंतर अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ शिकवतो. बेहड्याचीच फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरली जात, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रसंगाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. खेळाचे हृदय जाणणे म्हणजे संख्येचा अंदाज बांधणे होय. संभाव्यता गणिताच्या इतिहासकारांनीही या कथेची दखल घेतलेली आहे.

वरूडच्या वाचकास हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही. आंबिया वा मृग बहराच्या संत्राबागेचा सौदा करताना अनुभवी व्यापारी झाडांवरून नजर फिरवून मालाचा अंदाज बांधतो आणि उभ्या बागेची रक्कम ठरवतो. ही ऋतुपर्णाचीच विद्या होय. तिच्यात जोखीम आहे, तथापि मोजमाप मालाचे आहे.

नलाच्या कथेचा शेवट मात्र गणनेवर होत नाही. अक्षहृदय अवगत झाल्यावर नल पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि एकाच पणात सर्व काही परत मिळवतो. पुष्कराचे प्राणही पणाला लागलेले असतात, परंतु नल त्याला जीवदान देऊन त्याचा वाटा परत करतो. जिंकणाऱ्याने कोठे थांबावे, हाही नियम कथाकाराने येथे सुचवला आहे.

दुसरे आख्यान रिद्धपूरचे. मोर्शी तालुक्यातील हे गाव महानुभाव पंथाचे श्रेष्ठ तीर्थ आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रातील परंपरेनुसार, चक्रधर स्वामी पूर्वावस्थेत भडोचचे हरिपाळदेव, म्हणजे प्रधान विशाळदेवांचे पुत्र होते. त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसा यांच्याकडे दागिने मागितले आणि त्यांनी ते देण्यास नकार दिला. या नकाराने हरिपाळदेवांना विरक्ती आली. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले आणि पुढे रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीत त्यांना ज्ञानप्राप्ती झाली.

मराठीच्या आद्य गद्यग्रंथातील हा प्रसंग द्यूताच्या इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हरिपाळदेव कुशल होते की दुर्दैवी, याची चर्चा तेथे महत्त्वाची नाही. खेळ संपल्यावर उरलेले ऋण घरात येते आणि ते स्त्रीधनाला हात घालते, हा मुद्दा आहे. नलकथेत दमयंती पतीबरोबर वनात जाते, तर येथे कमळाइसा दागिना देत नाहीत. त्यांचा नकार म्हणजे ऋणाला घातलेली मर्यादाच होय.

पत्ते, ब्रॅग आणि पोकर

फाशांची जागा पत्त्यांनी घेण्यास आपल्याकडे सोळाव्या शतकापासून आरंभ झाला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आढळते. सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा हे त्याच परंपरेचे महाराष्ट्रीय रूप. ५२ पानांचा युरोपीय संच मात्र वेगळ्या वाटेने, पोर्तुगीज व नंतर इंग्रजांबरोबर आला. तीन पत्ती हा इंग्रजी ‘ब्रॅग’ या खेळाचा जवळचा नातलग आहे. ब्रॅगवर एडमंड हॉईल यांची पुस्तिका १७५१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पोकर हा त्याच कुळातील खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्स व मिसिसिपी नदीच्या परिसरात वाढला. त्याचा आजचा सर्वाधिक लोकप्रिय प्रकार ‘टेक्सास होल्डेम’ असून, टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन हे त्याचे जन्मस्थान मानले.

होल्डेममध्ये प्रत्येकास दोन झाकलेली पाने मिळतात. नंतर मधोमध अनुक्रमे तीन, एक व एक अशी पाच सामायिक पाने उघडली जातात. सातांपैकी उत्तम पाच पानांचा हात धरला जातो. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार असतात. पाच पानांचे एकूण २५,९८,९६० हात संभवतात आणि पोकरमधील हातांचा क्रम त्यांच्या दुर्मिळतेनुसार लावलेला आहे.

तीन पत्तीचे नियम : क्रम आणि चाल

तीन पत्तीत ५२ पानांतून एकूण २२,१०० हात संभवतात. चढत्या दुर्मिळतेने नव्हे, तर खेळातील श्रेष्ठतेनुसार त्यांची विभागणी अशी होते. एकाच किमतीची तीन पाने, म्हणजे ट्रेल, ५२. एकाच रंगाचा क्रम, म्हणजे पक्की सिक्वेन्स, ४८. साधी सिक्वेन्स ७२०. एकाच रंगाची पाने, म्हणजे कलर, १,०९६. जोडी ३,७४४. यांपैकी काहीही नसलेले हात १६,४४०.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली, पक्की सिक्वेन्स ट्रेलपेक्षा किंचित दुर्मिळ असूनही तिचा मान दुसरा आहे. म्हणजे हा क्रम गणितापेक्षा रूढीने ठरलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चारांपैकी जवळजवळ तीन वेळा खेळणाऱ्याच्या हाती जोडीसुद्धा नसते. बहुतेक डाव रिकाम्या हातांनी खेळले जातात आणि म्हणूनच निकाल चालीवर अवलंबून राहतो.

चालीचे नियम थोडक्यात असे. प्रारंभी प्रत्येकाने ‘बूट’ टाकायचा. पाने न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’ आणि पाहून खेळणारा ‘सीन’. सीन खेळणाऱ्यास ब्लाइंडच्या दुप्पट रक्कम लावावी लागते. माघार घ्यावयाची तर ‘पॅक’. दोघेच उरले म्हणजे ‘शो’ मागता येतो. दोघांहून अधिक खेळाडू असेपर्यंत शो नाही. येथेच खेळाचा धोका दडलेला आहे. चाल चढवण्याची मर्यादा आधी ठरलेली नसेल, तर १ रुपयाची चाल दहा वेळा दुप्पट होताच १,०२४ रुपयांवर जाते. पानांचा क्रम पाठ असलेला, परंतु ही वाढ न जाणणारा खेळाडू खेळ शिकला असे म्हणता येत नाही.

या बाबतीत पोकरने पुढे स्वीकारलेला ‘टेबल स्टेक्स’ हा नियम उद्बोधक आहे. डाव सुरू होताना जेवढे पैसे मेजावर आहेत तेवढेच त्या डावात हरता येतात. मध्येच घरून रक्कम आणता येत नाही, दागिना वा जमिनीचा कागद ठेवता येत नाही. पैसे संपले तर खेळाडू उरलेली रक्कम लावून, तेवढ्याच हिश्शापुरता डावात राहतो. कमळाइसांनी नकाराने जे साधले, ते या नियमाने मेजावरच साधले आहे. घरगुती तीन पत्तीत मात्र असा नियम बहुधा पाळला जात नाही. ‘उद्या देतो’ या शब्दावर डाव चालू राहतो आणि ऋणाचा जन्म त्या शब्दातच होतो.

कायद्याचा प्रवास

१८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम मध्य प्रांतासह उत्तरेकडील काही प्रांतांसाठी करण्यात आला. वऱ्हाड त्या वेळी निजामाचे, परंतु १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या कारभाराखालील क्षेत्र होते. १९०२ च्या करारानंतर, १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आज येथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. या दोन्ही कायद्यांनी निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट दिली आणि न्यायालयांपुढचा मुख्य प्रश्न निश्चित झाला : हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?

आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवला. त्याच निकालात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ मानला. तोच खेळ एका राज्यात विद्या आणि दुसऱ्या राज्यात अपराध ठरला.

ऋणाचा प्रश्न निराळ्या कायद्याकडे गेला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो व जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. घेरुलाल पारख खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा करार शून्य असला तरी बेकायदेशीर नव्हे, असे स्पष्ट केले. परिणाम असा की, न्यायालयाने दार लावले, तथापि देणे नाहीसे झाले नाही. ते ‘इज्जतीचे देणे’ म्हणून सावकाराकडून वा घरातील सोन्यातून फेडले जाऊ लागले. सभिकाची जागा रिकामी राहिली आणि ती अड्डेवाल्याने भरून काढली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने जुना प्रश्न बाजूला सारला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, तो पुरवणे, त्याची जाहिरात करणे व त्यासाठी पैशांचे व्यवहार हाताळणे यांवर या कायद्याने बंदी घातली. खेळणाऱ्यास मात्र शिक्षेची तरतूद नाही. या कायद्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्याच्या इष्टतेविषयी मतभेद संभवतात, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याने कसोटी बदलली हे निश्चित. खेळाच्या स्वरूपाऐवजी पैसा हा निकष झाला.

निष्कर्ष

१) विदर्भाशी निगडित दोन आख्यानांपैकी नलोपाख्यान गणनेचे व संयमाचे, तर हरिपाळदेवांचे चरित्र ऋणाचे भान देते. दोन्ही मिळून द्यूताचा पूर्ण विचार होतो.

२) तीन पत्तीच्या २२,१०० हातांपैकी १६,४४० हातांत काहीही नसते. त्यामुळे या खेळात पानांच्या क्रमापेक्षा चालीचे नियम निर्णायक ठरतात.

३) कौशल्य व नशीब यांच्या सीमारेषेवर दीर्घकाळ वाद झाला, परंतु हरणाऱ्याच्या घराला त्या रेषेने संरक्षण मिळाले नाही. कुशल खेळाडूचे ऋणही ऋणच असते.

४) महाविद्यालयीन विद्यार्थी हे खेळ शिकतातच आणि भ्रमणध्वनीमुळे ते शिकणे काही मिनिटांचे झाले आहे. केवळ निषेधाने हे थांबणारे नाही. गणिताच्या वर्गात संभाव्यतेचे उदाहरण म्हणून हे २२,१०० हात मोजून घेता येतील, वाणिज्याच्या वर्गात चाल दुप्पट होण्याचा हिशेब मांडता येईल आणि मराठीच्या वर्गात कमळाइसांच्या नकाराची चर्चा करता येईल. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले असताना तेथील या लीळेचे सामाजिक वाचन होणे विशेष अगत्याचे आहे.

खेळाचे नियम शिकणे म्हणजे काय जिंकता येते एवढेच शिकणे नव्हे. काय पणाला लावावयाचे नाही, हे ठरवूनच मेजाशी बसणे हा त्या शिक्षणाचा पहिला धडा असावा.