काळ कोणाच्या हाती? : बैलगाड्याचा घाट आणि कॅमेऱ्याचे घड्याळ

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखान्यांच्या स्थापनावर्षांनी सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली, २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. कारखान्याबरोबर पाळी आली, भोंगा आला, सेकंदकाट्याची शिस्त आली, असे या इतिहासाचे सार असते. ते खोटे नाही. परंतु याच पट्ट्यात सेकंदांचे मोल ठरवणारी आणखी एक जागा आहे आणि तिचा उल्लेख या इतिहासात क्वचित होतो. ती जागा म्हणजे बैलगाड्याचा घाट.

भोसरी, चिखली किंवा खेड तालुक्यातील निमगाव-दावडी येथील घाटांवर यात्रेच्या दिवसांत जो गेला असेल, त्याला हे दृश्य परिचित आहे. चढाची लांब धावपट्टी, दोन्ही अंगांना माणसांची भिंत, हवेत भंडारा, गाड्याला जुंपलेले चार बैल आणि त्यांच्या पुढे धावणारी घोडी. एक बारी काही सेकंदांत संपते आणि मागे राहतो तो आकडा. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर बैल सांभाळलेला असतो. घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला मात्र त्या सेकंदांच्याही आतला एक अंश निवडायचा असतो. बारी सुटण्यापूर्वीच कॅमेऱ्यावरील चकती फिरवून त्याला एक प्रश्न सोडवावा लागतो : काळ आपल्या हाती ठेवायचा की यंत्राच्या?

हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. चित्रावर किती प्रकाश पडावा हे भिंगाच्या छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि फिल्मची अथवा संवेदकाची संवेदनक्षमता या तिघांवर ठरते. 'मॅन्युअल' पद्धतीत ही मापे छायाचित्रकार स्वतः ठरवतो. 'शटर प्रायॉरिटी'मध्ये तो काळ ठरवतो आणि छिद्र यंत्रावर सोपवतो. 'अॅपर्चर प्रायॉरिटी'मध्ये छिद्र त्याचे, काळ यंत्राचा. 'प्रोग्रॅम'मध्ये दोन्ही यंत्राकडे जातात. प्रत्येक पद्धत ही माणूस आणि यंत्र यांच्यातील अधिकारांची एक वाटणी आहे, आणि या वाटणीला स्वतःचा इतिहास आहे.

१९३८ साली कोडॅकच्या 'सुपर सिक्स-२०' या कॅमेऱ्याने प्रकाशविद्युत घटाच्या आधारे छिद्र आपोआप ठरवून दाखवले. १९६५ साली कोनिकाच्या ऑटोरिफ्लेक्सने हीच सोय एसएलआर कॅमेऱ्यात आणली. काळ माणसाने निवडावा आणि छिद्र यंत्राने, अशी ती योजना होती. १९७१ साली पेंटॅक्सने वाटणी उलट केली. १९७६ च्या कॅनन एई-१ ने पुन्हा काळ माणसाच्या हाती दिला. १९७७ साली मिनोल्टाने दोन्ही पद्धती एकाच कॅमेऱ्यात ठेवल्या आणि १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये दोन्हींचा निर्णय यंत्राने घेण्याची सोयही दाखल झाली. चाळीस वर्षांत छायाचित्रकाराचे दोन्ही निर्णय असे यंत्राच्या कक्षेत आले. आज मोबाइलने छायाचित्र घेणारा बहुतेक माणूस हे निर्णय कधी घेतले गेले याचीही चौकशी करत नाही.

घाटावर मात्र ही चौकशी टाळता येत नाही. गाडा सेकंदाला दहा मीटर धावतो असे धरले, तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटर पुढे जातो, आणि साठाव्या भागात सुमारे सतरा सेंटिमीटर. पुढे झेपावणारा पाय धडापेक्षाही वेगाने जातो, म्हणून धड स्पष्ट येऊनही खूर पुसट येऊ शकतो. यात एक गंमत आहे. घाटावर अंतर बांधलेले असते आणि काळ मोजला जातो. कॅमेऱ्यात काळ बांधला जातो आणि अंतर उमटते. चित्रातली पुसट रेघ म्हणजे त्या बांधलेल्या काळात बैलाने तोडलेले अंतर.

म्हणून चलत् विषयासाठी शटर प्रायॉरिटी हे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे जग सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून चालतो. पांढरा खिल्लार बैल चौकट भरून समोर आला की त्या बिचाऱ्याला वाटते, प्रकाश वाढला. तो छिद्र लहान करतो आणि पांढरा बैल मळकट होतो. बैल पुढे जाऊन मागची काळसर गर्दी आली की उलटा प्रकार. वस्तुतः घाटावरचे ऊन बदललेले नसते, बदललेला असतो तो विषय. निरभ्र दुपारी शंभर संवेदनक्षमतेला एफ/१६ वर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो, हा जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा. त्याच हिशोबाने एफ/४ वर सोळाशेवा भाग मिळतो. उन्हाचे हे माप एकदा हाताने बांधून ठेवले की पांढरा बैल पांढरा आणि काळा काळा राहतो. संध्याकाळी किंवा ढग सरकत असताना काळ आणि छिद्र आपल्याकडे ठेवून केवळ संवेदनक्षमता यंत्रावर सोपवणे हा मधला मार्ग. परंतु तेथेही मापकाची ती सवय लक्षात ठेवावी लागतेच. थोडक्यात, यंत्रावर काय सोपवावे हे विषयाच्या वेगावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच प्रकाशाच्या स्थैर्यावर.

येथवर प्रश्न कौशल्याचा होता. यापुढे तो सत्याचा होतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. प्रत्येक चित्राचा काळ सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाहूनही कमी होता, असा त्याचा दावा होता. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, पण ते चित्रकार दाखवत तसे पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्या चित्रांनी दाखवले. शतकानुशतकांची चित्रे एका क्षणात चुकीची ठरली. तरीही शिल्पकार रोदँने पुढे जेरिकोच्या ताणलेल्या घोड्यांची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे की जगात काळ थांबत नाही. म्हणून काळ थांबवणारे छायाचित्रच खोटे आणि चित्रकार खरा. लेसिंगने १७६६ साली 'लाओकून'मध्ये चित्रकाराला आधीचे व नंतरचे सुचवणारा अर्थगर्भ क्षण निवडण्याचा सल्ला दिला होता. मायब्रिजच्या कॅमेऱ्याने कोणीही न निवडलेले, अर्थहीन भासणारे क्षणही समोर ठेवले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद परका वाटू नये. 'बैल धावला' आणि 'बैल धावत होता' यांत घटना एकच, पण क्रियेकडे पाहण्याची जागा निराळी. पहिल्यात क्रिया पूर्ण होऊन बाहेरून दिसते; दुसऱ्यात आपण तिच्या आत उभे असतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात कॅमेरा बैलाबरोबर फिरवत घेतलेले चित्र दुसऱ्या वाक्याच्या जवळचे आहे : तोंड ओळखू येते, गर्दीच्या आडव्या रेघा होतात. दोनहजाराव्या भागातले चित्र मात्र यांपैकी कोणतेच वाक्य नव्हे. त्यात क्रियापद नाहीच. तेथे केवळ नामे आहेत, फेस, डोळा, जू, खूर.

या फरकाला आमच्या पट्ट्यात कायद्याचेही वजन आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा विचार होता. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बैल धावण्यासाठी आहे का, हा या सगळ्यातला मूळ प्रश्न मायब्रिजच्या प्रश्नाचाच भाऊ होय. प्राण्याचे शरीर गतीत काय करते, याची ती विचारणा आहे.

आणि अशा वेळी चित्र साक्षीदार होते. गोठवलेल्या चित्रात बैलाची बाहेर आलेली जीभ, ताणलेली मान, वर गेलेला हात स्पष्ट दिसतो. बंदी मागणाऱ्याला ते पुरेसे वाटते. पुसट, लयदार चित्रात शर्यतीचा उत्सव दिसतो. शौकिनाला ते पुरेसे वाटते. दोन्ही चित्रे एकाच बारीची असू शकतात आणि दोहोंपैकी एकही बनावट नसते. वर गेलेला हात बैलावर उतरणार होता की नुसता हवेत फिरला, हे दोनहजाराव्या भागाला ठाऊक नसते. आणि बैलाच्या डोळ्यात भीती होती का, हे तिसाव्या भागाने पुसून टाकलेले असते.

म्हणून चकतीवरचा निर्णय हा निव्वळ सोयीचा नव्हे, तो कथनाचा निर्णय आहे, असे आम्हांला वाटते. कादंबरी वाचताना निवेदक कोण हे आपण विचारतो, त्याला काय दिसते आणि काय दिसू शकत नाही याचा हिशोब मांडतो. घाटावरच्या चित्राला तोच प्रश्न विचारायला हवा : हा क्षण किती लांबीचा आहे, आणि ती लांबी कोणी ठरवली? डिजिटल कॅमेरा हे उत्तर चित्रासोबत नोंदवून ठेवतो. आपण ते छापत नाही, वाचत नाही आणि चित्र पुढे पाठवताना बहुधा गमावतो. बारीचा काळ घाटावर मोठ्याने पुकारला जातो. तिच्या चित्राचा काळही कोणी तरी पुकारावा, एवढीच अपेक्षा.