नव्याने घडवलेली जुनी पोर्शे : अस्सलतेच्या आक्षेपाला उत्तर

कॅलिफोर्नियातील ‘सिंगर व्हेइकल डिझाइन’ने नव्याने घडवलेली एखादी पोर्शे ९११ विक्रीला आली, की जुन्या गाड्यांच्या जाणकारांकडून एक आक्षेप हमखास ऐकू येतो. तो उथळ नाही, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा : जुनी गाडी हा तिच्या काळाचा दस्तऐवज असतो. तिचा पत्रा, इंजिन, रंग आणि आसनांचे कातडे यांतून त्या काळातले तंत्र आणि त्या काळातली रुची कळते. ‘सिंगर’ १९८९ ते १९९४ या काळातली ९६४ मालिकेतली ९११ घेते आणि ती पार सांगाड्यापर्यंत उघडते. तिच्यावर कार्बन फायबरचे पॅनल चढवते, इंजिन नव्याने बांधते आणि तिला १९७० च्या आसपासच्या ९११ चा चेहरा देते. परिणामी ती १९९० ची राहत नाही आणि १९७० चीही होत नाही. एक खरा पुरावा पुसला जातो आणि त्याच्या जागी नक्कल उभी राहते. या पक्षाच्या पाठीशी मोठा आधारही आहे. वास्तुवारशासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद तयार झाली. तिचीच तत्त्वे पुढे ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिनच्या सनदेतून वाहनांना लावली.

या मताचा पाया कच्चा आहे, असे माझे म्हणणे आहे.

पहिला मुद्दा ‘मूळ ९११’ या कल्पनेचा. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. सुरुवातीचे इंजिन २ लिटरचे आणि १३० अश्वशक्तीचे होते. पुढे ते २.२, २.४, २.७, ३.०, ३.२ असे वाढत ९६४ मध्ये ३.६ लिटरवर पोहोचले. १९६९ च्या मॉडेलसाठी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले गेले. १९७४ च्या मॉडेलचे बंपर अमेरिकेच्या सुरक्षानियमांपायी बदलले. ९६४ मध्ये तर टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या आणि तिचे सुमारे ८५ टक्के भाग नवे असल्याचे खुद्द पोर्शेनेच सांगितले. म्हणजे जुने रूप राखून आतले सगळे बदलायचे, ही ९११ च्या घराण्याचीच रीत आहे. ‘सिंगर’ने तीच पुढे चालवली आहे.

यावर कोणी म्हणेल, कारखान्याने बदल करणे वेगळे आणि परक्याने करणे वेगळे. पण मग कसोटी अस्सलतेची उरत नाही, शिक्क्याची होते. १९६० च्या दशकात जॅग्वारने १८ लाइटवेट ई-टाइप बांधायचे ठरवले होते, प्रत्यक्षात १२ बांधल्या. उरलेले सहा चेसिस नंबर वापरून कंपनीने २०१४ नंतर सहा कोऱ्या गाड्या घडवल्या. तिथे जुना सांगाडाही नव्हता. ‘सिंगर’च्या गाडीत मात्र मूळ ९६४ चा सांगाडा असतो आणि तो स्वतःच्या नंबरासह असतो. शिवाय परकेपणही वाटते तेवढे नाही. ‘सिंगर’ने विल्यम्स अॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंगबरोबर ‘डीएलएस’ मालिकेसाठी ४ लिटरचे, ५०० अश्वशक्तीचे, हवेनेच थंड होणारे इंजिन विकसित केले. त्यासाठी सल्ला हान्स मेत्स्गर यांचा होता. पहिल्या ९११ च्या सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या घडणीत ज्यांचा हात होता, तेच हे मेत्स्गर.

दुसरा मुद्दा पुराव्याच्या नाशाचा. ९६४ मालिकेच्या साठ हजारांहून अधिक गाड्या बनल्या. ‘सिंगर’ने आपल्या ‘क्लासिक’ मालिकेची मर्यादा ४५० ठेवली आणि ‘डीएलएस’ची ७५. साठ हजारांतून काहीशे गेल्याने त्या काळाची साक्ष बुडत नाही. त्यातही ९६४ ही संग्राहकांनी बराच काळ दुर्लक्षिलेली मालिका होती. मात्र एक मर्यादा मलाही मान्य आहे. जिला शर्यतीचा इतिहास आहे, जी मोजक्या संख्येत बनली, किंवा जी आजवर कोणी हात न लावता टिकली आहे, अशा गाडीला कापू नये. ती खरोखर दस्तऐवज आहे आणि ट्युरिनची सनद तिच्यासाठीच आहे. नव्याने घडवलेल्या गाडीला ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून मान मागणे चूक, हेही मी मान्य करतो. पण रस्त्यावर धावण्यासाठी हजारोंनी बनलेली प्रत्येक गाडी संग्रहालयातली वस्तू मानायची, हा नियम कुठून आला?

तिसरा मुद्दा खोटेपणाचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. वस्तू नवी असल्याने खोटी ठरत नाही. नवेपण लपवले की ती खोटी ठरते. व्हेनिसची सनदही हेच सांगते : भर घालताना ती मूळ भागापासून ओळखू यावी, पुराव्यात भेसळ होऊ नये. या कसोटीवर खरा गुन्हेगार कोण ते पाहा. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीच्या १,५८० प्रती बनल्या. तिची किंमत वाढत गेली, तशा त्याच काळातल्या साध्या ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावून आणि बाजूला अक्षरे रंगवून ‘आरएस’ बनवण्याची चाल पडली. त्यातल्या काही उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या जातात. काही तशा विकल्या जात नाहीत, आणि म्हणून खरेदीदाराला इंजिन व चेसिसचे नंबर तपासण्यासाठी तज्ज्ञ गाठावा लागतो. म्हणजे अस्सलतेच्या अतिरेकी पूजेनेच नकलेला बाजार मिळवून दिला. उलट ‘सिंगर’ची गाडी आपण कोण आहोत हे पहिल्या वाक्यात सांगते : ही अमुक वर्षाची पोर्शे ९११, ग्राहकाच्या फर्माइशीप्रमाणे ‘सिंगर’ने पुन्हा घडवलेली. तिचे पॅनल कार्बन फायबरचे आहेत हे कोणी दडवत नाही. उलट तेच तिचे मोल आहे.

राहिला ‘धनिकांचा खेळ’ हा टोमणा. या गाड्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरे. पण हात न लागलेली आरएस तरी कोणाच्या आवाक्यात आहे? किमतीवरून खरेखोटेपणा ठरत नाही.

तेव्हा सिद्धांत असा. जुन्या गाडीत दोन मोले असतात : एक साक्षीचे, दुसरे घडणीचे. पहिले जपायला हात आवरावा लागतो आणि दुसरे वाढवायला हात चालवावा लागतो. दोन्ही कामे आदराची आहेत, फक्त एकाच गाडीवर दोन्ही दावे सांगू नयेत. म्हणून अशी गाडी घ्यायला निघालेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे : मूळ गाडी कोणती होती, तिचे काय काय बदलले आणि ते कोणी बदलले, याची लेखी नोंद मागा. नोंद पूर्ण असेल तर गाडी निःशंकपणे घ्या. नसेल तर ती कितीही ‘अस्सल’ म्हणवत असली तरी घेऊ नका.