परदेशी जाणाऱ्या कारागिरांसाठी : व्यवसाय प्रमाणपत्राला मान्यता कशी मिळवावी?

आपल्या वसईच्या पट्ट्यातून, तसेच मुंबई व गोव्यातून उपजीविकेसाठी परदेशी जाण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वीच्या पिढ्या प्रामुख्याने आखाती देशांत गेल्या. आता वीजतंत्री, जोडारी, संधाता, नळ कारागीर अशा व्यवसायांतील आपले तरुण जर्मनी, ऑस्ट्रेलिया व कॅनडाकडेही पाहू लागले आहेत. मात्र व्हिसा हाती पडला म्हणजे आपले कौशल्यही मान्य झाले, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. त्याची किंमत मोठी असते. दागिने गहाण टाकून पाठवलेला कुशल कारागीर तेथे मदतनीस म्हणून, मदतनिसाच्याच वेतनावर राबतो. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

साक्षांकन आणि मान्यता यांतील फरक

या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. साक्षांकनाने केवळ कागदावरील सही-शिक्का खरा आहे एवढेच सिद्ध होते. भारतात १४ जुलै २००५ पासून हेग कराराखालील 'अपोस्टिल' पद्धत लागू असून परराष्ट्र मंत्रालयातर्फे ते दिले जाते. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन लागते. मान्यता ही याहून वेगळी बाब आहे. आपले शिक्षण व अनुभव त्या देशातील त्याच व्यवसायाच्या तोडीचे आहेत की नाहीत, याचा निर्णय तेथील अधिकृत संस्था देते. अपोस्टिल लावलेले प्रमाणपत्रही या कसोटीत अपुरे ठरू शकते.

घरूनच करावयाची तयारी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आय.टी.आय.) उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात उमेदवारी पूर्ण करून परीक्षा दिल्यास दुसरे प्रमाणपत्र मिळते. ही दोन्ही प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि अभ्यासक्रमाचा तपशील जपून ठेवावा. कोणता विषय किती तास शिकवला गेला, हे परदेशी संस्था बारकाईने पाहतात.

अनुभवाचा दाखला हा दुसरा आधार होय. 'यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली' एवढ्या दोन ओळी पुरत नाहीत. दाखला आस्थापनेच्या छापील पत्रावर असावा. त्यात कामाचा आरंभ व शेवट, हुद्दा, आठवड्याचे तास, प्रत्यक्ष हाताळलेली यंत्रे व कामे, तसेच सही करणाऱ्याचे नाव आणि संपर्क असावा. त्याला पगारपत्रके व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींची जोड द्यावी. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी बिले, बँकेचे उतारे व आयकर विवरणपत्रे सांभाळावीत. नोकरी सोडतानाच दाखला घ्यावा. दहा वर्षांनी ती कंपनी अस्तित्वात असेलच असे नाही.

आमच्या समाजापुरती एक अडचण येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. डिमेलो, डिसोजा, डिसिल्वा यांसारखी आडनावे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी आणि पारपत्रावर तिसरी अशा स्पेलिंगने लिहिलेली असतात. कुठे स्वल्पचिन्ह असते, कुठे नसते. कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे गळते. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या भिन्न व्यक्ती ठरू शकतात. अर्ज करण्यापूर्वीच प्रतिज्ञापत्राने वा राजपत्रातील नोंदीने ही दुरुस्ती करून घेणे श्रेयस्कर.

जर्मनी

जर्मनीत परदेशी व्यवसाय-शिक्षणाच्या मान्यतेचा कायदा १ एप्रिल २०१२ पासून अमलात आहे. कोणत्याही देशाच्या नागरिकाला भारतात राहूनही अर्ज करता येतो. औद्योगिक व व्यापारी व्यवसायांचे अर्ज प्रामुख्याने न्यूरेम्बर्ग येथील 'आय.एच.के. फोसा' ही संस्था पाहते, तर हस्तव्यवसायांचे अर्ज तेथील कारागीर मंडळांकडे जातात. आपल्या व्यवसायाची तुलना एका जर्मन व्यवसायाशी केली जाते. निर्णय तीन प्रकारचा असतो : पूर्ण समकक्षता, अंशतः समकक्षता किंवा नकार. शिक्षणातील उणीव अनुभवाने भरून निघू शकते. म्हणूनच वर सांगितलेल्या दाखल्यांचे महत्त्व आहे. अंशतः समकक्षता म्हणजे अपयश नव्हे. कोणत्या बाबी कमी पडतात हे निर्णयात नमूद असते, आणि तेवढेच प्रशिक्षण घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. स्वतःचा दोष नसताना कागद मिळत नसतील, तर प्रत्यक्ष काम करून कौशल्य दाखविण्याचीही तरतूद आहे.

१ मार्च २०२४ पासून 'मान्यता भागीदारी' हा नवा मार्ग खुला झाला. यात नोकरीचा करार, जर्मन भाषेची किमान 'ए-२' पातळी आणि निदान दोन वर्षांचे शासनमान्य व्यवसाय-शिक्षण असल्यास आधी तेथे जाऊन मग मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करता येते. येथे एक खाचखळगा आहे. वीजतंत्री, जोडारी, कातारी व यंत्र कारागीर हे आपल्याकडील अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता व नळ कारागीर हे एक वर्षाचे. त्यामुळे एक वर्षाच्या प्रमाणपत्रधारकांनी आपण या अटीत बसतो असे गृहीत धरू नये. बॉन येथील केंद्रीय मार्गदर्शन केंद्र विनामूल्य सल्ला देते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे. तथापि त्यामुळे वैयक्तिक पात्रतेच्या अटी सुटत नाहीत.

ऑस्ट्रेलिया

तेथे बहुतेक कारागिरी व्यवसायांची पारख 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' ही शासकीय संस्था करते. काही व्यवसायांत भारतीय पारपत्रधारकांना तिने नेमलेल्या संस्थांमार्फत कागदपत्रांची छाननी, तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिक यांना सामोरे जावे लागते.

वीजतंत्री, नळ कारागीर व वातानुकूलन कारागीर यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. हे व्यवसाय तेथे परवान्याचे आहेत. भारतात राहून पारख उत्तीर्ण झाली, तरी हाती येते ती केवळ कौशल्याची नोंद. तेथे गेल्यावर स्थानिक नियमांचे पूरक प्रशिक्षण आणि देखरेखीखालील काम पूर्ण करावे लागते; त्यानंतरच पूर्ण परवान्याचा मार्ग मोकळा होतो. परवाना त्या त्या राज्याकडून मिळतो. तोपर्यंत स्वतंत्रपणे काम करणे बेकायदेशीर आहे. या काळातील कमी मिळकतीचा हिशेब कुटुंबाने आधीच मांडावा.

कॅनडा व आखाती देश

कॅनडात व्यवसायाची मान्यता प्रांतांच्या अखत्यारीत आहे. अनुभव सिद्ध करून परीक्षा देता येते, आणि 'रेड सील' हा शिक्का मिळाल्यास इतर प्रांतांतही तो ओळखला जातो. पदवीच्या समकक्षतेचा अहवाल म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. सौदी अरेबियाने अलीकडे काही व्यवसायांसाठी रवानगीपूर्वीच भारतात कौशल्य चाचणी सुरू केली आहे.

सावधगिरी

मान्यता मिळवून देण्याची हमी कोणताही दलाल देऊ शकत नाही. तो अधिकार केवळ त्या त्या संस्थेचा आहे. परदेशी भरती करणारा दलाल उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली नोंदणीकृत आहे का, हे शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळून पाहावे. खोटा अनुभव दाखला तर कदापि जोडू नये. ऑस्ट्रेलियात बनावट कागद आढळल्यास व्हिसा नाकारला जातो आणि तीन वर्षे दार बंद होऊ शकते. नियम व शुल्क बदलत असल्याने अर्जापूर्वी मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

आमची पालकांना नम्र विनंती आहे की, तिकिटाची घाई करण्यापूर्वी मुलाच्या कागदांची फाइल एकदा शांतपणे उघडून पाहावी. तीत काय कमी आहे हे घरीच कळले, तर ते पूर्ण करण्यास वेळ मिळतो. परक्या देशात कळले, तर त्याची किंमत सारे कुटुंब मोजते.