घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जमेल असा फोन, रिमोट, गॅस : घेताना आणि बसवताना काय पाहावं

यवतमाळ : "मले नाही जमत बाबू, तूच लावून दे." फोन असो, टीव्हीचा रिमोट असो की रेशन दुकानातली अंगठ्याची मशीन, घरोघरी आजी-आबाजींच्या तोंडी हेच असते. ऐकणारा म्हणतो, वय झालं आता. पण ज्या आजीने पन्नास वर्षं चूल सांभाळली, अंधारात हात घालून डब्यातलं नेमकं काढलं, तिला एक बटन दाबता येत नाही हे काही पटत नाही. बहुतेक वेळा खोट वस्तूत असते. बनवणाऱ्याने ती जवान डोळे आणि जवान बोटं धरून बनवलेली असते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले जवळपास दहा जण साठीच्या वरचे होते. आपल्याकडे अनेक गावांत मुलं पुण्या-नागपूरकडे कामाला आणि घरी म्हातारा-म्हातारी दोघंच, असं चित्र आहे. लावून द्यायला कोणी घरात नसेल तर वस्तूच त्यांना जमेल अशी पाहिजे. थोडं पाहून घेतलं, थोडी जागा बदलली, चिकटपट्टी आणि नेलपॉलिश वापरली तरी बरंच काम होतं.

वयात नेमकं काय बदलतं?

आधी डोळा. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं, त्यामुळे निळा आणि काळा, निळा आणि हिरवा हे रंग एकमेकात मिसळतात. आता घरातला रिमोट हातात घेऊन पाहा. काळ्या प्लास्टिकवर राखाडी बारीक अक्षरं. आबाजी तो डोळ्याजवळ नेतात, दूर नेतात, अन शेवटी ठेवून देतात.

कानाचं असं की बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातो, भरदार आवाज मागून. मशीनचं बारीक पीं-पीं म्हणूनच ऐकू येत नाही. फोनची रिंगटोनही चिमणीसारखी नको, ढोलकीसारखी जाड ठेवा.

बोटाचं कोणी लक्षातच घेत नाही. टच फोनच्या काचेला बोटाच्या कातडीतली बारीकशी वीज जाणवते, तेव्हा तो चालतो. जन्मभर पऱ्हाटी वेचून, डवऱ्याची मूठ धरून घट्टे पडलेलं कोरडं बोट त्या काचेला नीट जाणवत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबतो, आणि फोन समजतो की याला दुसरंच काही पाहिजे. कॉल लागायच्या ऐवजी भलतीच यादी उघडते.

पॅट्रिशिया मूर नावाची अमेरिकेतली वस्तू डिझाईन करणारी बाई. १९७९ साली, वय फक्त २६, तिने म्हातारीचं सोंग घेतलं. धूसर चष्मा लावला, कानात बोळे घातले, बोटांना पट्ट्या बांधल्या, आणि पुढची तीन वर्षं अमेरिका-कॅनडातली शंभरावर शहरं अधूनमधून तशी फिरली. दार उघडणं, बसमध्ये चढणं, दुकानात पैसे मोजणं किती कठीण होतं ते तिने अंगावर घेतलं आणि पुढे तसंच काम केलं. हा प्रयोग आपल्याला ओसरीवर पाच मिनिटांत करता येतो. जुन्या चष्म्याच्या काचेला थोडं तेल लावा, कानात कापूस घाला, अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळा. मग आपल्याच फोनवरून आईला कॉल लावा. पुढचं सगळं आपोआप समजेल.

फोन कोणता?

नुसतं बोलायचंच काम असेल तर बटनाचा साधा फोन सगळ्यात बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. बटन दाबलं की बोटाला कळतं. पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे न पाहता सापडतात. चार्जिंग कित्येक दिवस पुरते, आणि रात्री उठायला टॉर्च असते. पैसे पाठवायचे असतील तर मार्च २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआय चालते, तिला यूपीआय १२३ पे म्हणतात. म्हाताऱ्यांसाठी मोठ्या बटनांचे, मागे लाल एसओएस बटन असलेले फोनही मिळतात. ते लाल बटन दाबलं की ठरवून दिलेल्या नंबरांवर फोन जातो. फक्त घेतल्यावर नंबर भरून एकदा दाबून पाहा. नंबर न भरताच फोन देऊन टाकणारे पोरं काही कमी नाहीत.

नातवाचं तोंड पाहायचं असेल तर स्मार्टफोन लागतो. तेव्हा आपला जुना फोन तसाच देऊन टाकू नका, आधी तासभर त्यावर बसा. सेटिंगमध्ये अक्षराचा आकार आणि स्क्रीनवरच्या सगळ्या गोष्टींचा आकार असे दोन वेगळे पर्याय असतात, दोन्ही वाढवा. ॲक्सेसिबिलिटी या भागात बोट किती वेळ दाबून धरलं की 'लांब दाबणं' धरायचं, ते ठरवता येतं. ते 'लांब' वर ठेवा. हात कापणाऱ्या माणसाला एवढ्या एका सेटिंगने मोठा फरक पडतो. पहिल्या पानावर चार-पाच जणांचे फोटो ठेवा, बोट लावलं की थेट फोन लागेल असे. बाकी सगळं मागच्या पानावर. आणि एकदा ठेवलं की जागा बदलू नका. आजीला अक्षर येवो न येवो, जागा पाठ असते. घरात मिठाचा डबा हलवला तर कशी चिडते, तसंच हे.

यावर आपल्या महाराष्ट्रात काम झालेलं आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाईन विभागाने २००८ मध्ये 'रांगोळी' नावाची फोनवही मांडली होती. अक्षर न येणाऱ्यांसाठी नावाऐवजी रंग, चित्र आणि जागा. त्याच विभागाने पुढे 'स्वरचक्र' हा मराठी कीबोर्ड काढला. 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. जुन्या शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला ते पटकन उमगतं.

तोंडाने बोलून फोन लावायची सोय मराठीतही आहे. माईकचं चिन्ह दाबून "रमेशला फोन लाव" म्हटलं की लागतो. "रमेसले लाव ना बे" म्हटलं की बरेचदा गडबडतो. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी बोलणाऱ्या घरांत म्हणून यावर फार भरवसा ठेवू नका, फोटोवालाच रस्ता पक्का. आणि फोन देतानाच सांगून ठेवा : बँकेतून बोलतो म्हणून कोणी नंबर मागितला की सरळ कापायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवायचं.

अंगठा लागत नाही तेव्हा

घरातली वस्तू जमली नाही तर चिडचिड होते, पण ठशाची मशीन अडली तर महिन्याचं धान्य नाही तर श्रावणबाळचे दीड हजार अडकतात. मातीत, राखेत, फवारणीत काम केलेल्या हातावरच्या रेषा घासून जातात. मशीन म्हणते 'जुळत नाही', आणि लाईनमधले लोक म्हणतात 'बुढे, नीट ठेव ना'.

आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, एकट्या अंगठ्याचा नाही. अंगठा लागला नाही तर दुसरं बोट लावून द्या म्हणून सांगायचं. बऱ्याच जणांचं अनामिका नाही तर डाव्या हाताचं बोट लागतं, कारण त्याची झीज कमी असते. जायच्या आधी हात साबणाने धुवा, कोरडे करा, भेगा असतील तर किंचित खोबरेल चोळून पुसून घ्या. जे बोट लागलं ते घरी सगळ्यांना सांगून ठेवा. काहीच लागत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देता येतात. डोळ्याची बुबुळं आणि चेहरा यावरूनही ओळख पटवता येते, जिथे तशी सोय आहे तिथे ती मागावी. ठसा जुळला नाही या कारणावरून रेशन नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना दिलेली आहे. शांतपणे पण ठामपणे हे बोलायला हरकत नाही.

नोकरीची पेन्शन असलेल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो घरबसल्या चेहऱ्यावरूनही होतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप मुलाच्या-नातवाच्या फोनवर चालतात. ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसवा, डोळे मिचकवायला सांगा. रेशनच्या ई-केवायसीसाठीही 'मेरा ई-केवायसी' ॲपमध्ये चेहऱ्याची सोय आहे.

गॅस, दिवा, संडास

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि साठी ओलांडलेल्या कितीतरी बायका पहिल्यांदा गॅससमोर उभ्या राहिल्या. गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण वयानुसार नाकही मंद होतं, हे कुणी सांगत नाही. म्हातारी एकटी स्वयंपाक करत असेल तर रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा, आणि जमल्यास गळती झाली की वाजणारं यंत्र बसवा. त्याचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो का ते तपासून घ्या. शेगडीच्या गोल बटनावर 'बंद' च्या जागी लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या. गळतीचा नंबर १९०६. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, वरून लोखंडाचं वजन. दोघंच राहत असतील तर पाच किलोच्या सिलिंडरची चौकशी करा, तो हलवता येतो. इंडक्शन घ्यायचं झालं तर सपाट टचवालं घेऊ नका. त्यात ना ज्योत दिसते ना बटन हाताला लागते. गोल फिरवायच्या बटनाचं घ्या.

लाईट गेली की म्हातारा माणूस अंधारात उठतो आणि तिथेच पडतो. कंबरेचं हाड मोडलं की पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बॅटरीचा एलईडी बल्ब मिळतो, लाईट गेली की तो स्वतःच पेटतो. संडासच्या रस्त्यावर एक लावा. त्याचं बटन चालू ठेवावं लागतं, नाहीतर उपयोग नाही. बटनाचा बोर्ड पांढऱ्या भिंतीवर पांढरा असेल तर कडेने रंगीत पट्टी चिकटवा. रिमोटवर चॅनल, आवाज आणि चालू-बंद सोडून बाकी बटनं पुठ्ठ्याने झाकून टाका. दिसायला गावठी दिसतं, पण चालतं.

आपल्या जिल्ह्यात म्हाताऱ्या शेतकऱ्याला आणखी एक काम असतं, रात्रीच्या लाईनीला पंप सुरू करायला जायचं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून पंप चालू-बंद करायचं 'नॅनो गणेश' हे यंत्र बनवलं. ऐंशी ओलांडलेल्या आपल्या आजोबांना पंपासाठी शेतात जावं लागतं हे त्यांनी पाहिलं होतं. साध्या फोनवरून ते चालतं, स्मार्टफोन लागत नाही. आज अशी मोबाईल स्टार्टर अनेक कंपन्यांची मिळतात. घेताना पाहायचं एवढंच : लाईट आहे की नाही, मोटर सुरू झाली की नाही हे फोनवर बोलून सांगतं का. नुसता मेसेज पाठवणारं यंत्र चष्मा घरी विसरलेल्या आबाजीला कामाचं नाही.

पैसे कुठून?

मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. ६५ वर्षं पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा असं घेता येतं. चौकशी समाजकल्याण विभागाच्या कार्यालयात करा. बिल जपून ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा मोफत नंबर आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

यातली कमोड खुर्ची सगळ्यात जास्त गरजेची आणि सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाते. गावात संडास झाले, पण ते उकिडवं बसायचे, आणि सत्तरीतले गुडघे उकिडवे बसत नाहीत. खुर्ची घेताना म्हाताऱ्या माणसाला दुकानात सोबत न्या. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, हाताच्या दांड्यावर जोर देऊन कोणाचा हात न धरता उठता आलं पाहिजे. पायाला रबराच्या टोप्या आहेत का पाहा, ओल्या फरशीवर त्या नसतील तर खुर्ची सरकते. नेणं शक्यच नसेल तर घरातल्या ज्या खुर्चीवरून ते सहज उठतात तिची उंची दोरीने मोजा आणि ती दोरी खिशात घालून दुकानात जा.